खारदेवळीचा भारांक

वैदेही घरतने आयुष्यात कोणासाठी वशिला लावला नव्हता आणि स्वतःसाठीही कोणाला लावू दिला नव्हता. २०३८ साली तिच्याकडे हे काम आलं, ते तिच्या गणितामुळे जितकं, तितकंच या ख्यातीमुळे.

काम असं होतं. शत्रूचं क्षेपणास्त्र निघालं की पहिलं मिनिटभर त्याचं इंजिन जळतं. त्यानंतर ते म्हणजे भिरकावलेला दगड. गुरुत्वाकर्षण आणि हवा नेतील तिकडे जाणार. रडारला तो दगड काही सेकंद नीट दिसला की तो कुठे पडणार हे किलोमीटरभराच्या फरकाने सांगता येतं. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. त्याला हवेतच फोडणारी आपली क्षेपणास्त्रं मोजकी असतात. वैदेहीच्या नियंत्रण केंद्रात, पुण्याबाहेर एका टेकडीच्या पोटात, त्यांना सगळे नुसते 'भेदक' म्हणत. एक भेदक दहापैकी आठ वेळा नेम साधतो. एकाच क्षेपणास्त्रावर दोन सोडले तर शंभरात शहाण्णव वेळा. मग एकदम चार-पाच क्षेपणास्त्रं आली आणि हाताशी सहाच भेदक असले, तर कुठल्या गावासाठी दोन सोडायचे, कुठल्या गावासाठी एक, आणि कुठल्या गावासाठी एकही नाही? हे ठरवायला मिळतात बावीस सेकंद. माणसाचं डोकं तेवढ्यात चालत नाही, म्हणून प्रणाली तयार झाली. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. केंद्रात तिला 'सल्लागार' म्हणत, कारण कागदोपत्री ती फक्त सल्ला देत असे. निर्णय खुर्चीतल्या अधिकाऱ्याचा.

सल्ला द्यायचा तर सल्लागाराला प्रत्येक गावाची किंमत माहीत हवी. 'किंमत' हा शब्द वापरायला केंद्रात मनाई होती; 'भारांक' म्हणायचं. तिथे राहणारी माणसं, दिवसाच्या कोणत्या तासाला किती, इस्पितळ आहे का, वीजकेंद्र आहे का, तिथे काही फुटलं तर आजूबाजूला काय होईल, या सगळ्याचा मिळून शून्य ते एकच्या मधला एक आकडा. वैदेहीने त्याचं सूत्र बसवलं होतं. किनारपट्टीच्या साडेचार हजार ठिकाणांना तिच्या सूत्रातून भारांक मिळाले. ती यादी गुप्त होती.

यादी तयार होत असतानाच एका मंत्र्याचे स्वीय सहायक पुण्याबाहेरच्या त्या टेकडीच्या पोटातल्या केंद्रावर येऊन गेले. साहेबांच्या तालुक्याच्या ठिकाणी नवं वैद्यकीय महाविद्यालय होणार आहे, ते आतापासून धरावं, एवढीच त्यांची विनंती होती. वैदेहीने त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. त्याच आठवड्यात तिने नियम लिहून काढला: जिल्हा प्रशासनाकडून पडताळून आलेल्या माहितीशिवाय एकही भारांक बदलायचा नाही, तोंडी माहितीवर तर नाहीच. केंद्रातल्या प्रत्येकाने आपले नातेवाईक कुठे राहतात ते लिहून द्यायचं. तिने स्वतःही लिहून दिलं. थोरली बहीण नंदिनी रमाकांत ठाकूर, परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, खारदेवळी.

खारदेवळी म्हणजे खाडीच्या तोंडावरचं सहा हजार वस्तीचं गाव. मिठागरं, थोडी मासेमारी, एक मोठी शाळा. खाडीपलीकडे नऊ किलोमीटरवर निगडोली शहर, आणि निगडोलीला लागून खताचा कारखाना. त्या कारखान्याच्या टाकीत हजारो टन अमोनिया साठवलेला असे. ती फुटली तर वारा असेल त्या दिशेला माणसं गुदमरून मरतील, हे समजायला गणिताची गरज नव्हती. निगडोलीचा भारांक होता शून्य पूर्णांक एक्क्याण्णव. खारदेवळीचा शून्य पूर्णांक बारा.

त्या वर्षी गणपतीत वैदेही ताईकडे गेली होती. जेवताना भावोजींनी, रमाकांतनी, सहज विचारलं, आमच्या गावाला किती मार्क दिलेत? यादीबद्दल वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, त्यामुळे सगळ्यांना कुतूहल होतं. वैदेही म्हणाली, सांगता येत नाही. भावोजी हसले, म्हणाले, म्हणजे नापास. तीही हसली, पण तिचा चेहरा त्यांनी वाचला असावा. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. निघताना मात्र नेहमीसारखे एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत, मिठागरावर काम आहे म्हणाले. नंदिनीनेच तिला पोचवलं.

खुर्चीत बसणाऱ्या अधिकाऱ्यांचे सराव दोन वर्षं चालले. सुरुवातीला अधिकारी सल्ला बाजूला सारून आपल्या मनाने भेदक वाटत. प्रत्येक सरावानंतर दोन्ही निकाल शेजारी शेजारी दाखवले जात, आणि बारापैकी अकरा वेळा अधिकाऱ्याच्या निर्णयात जास्त माणसं मेलेली असत. हळूहळू सगळे सल्ला जसाच्या तसा मानायला लागले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. ग्रुप कॅप्टन विश्वजित घोरपडे हा त्यातला सर्वांत अनुभवी माणूस. तो एकदा वैदेहीला म्हणाला होता की हिरवं बटण दाबायला हवाई दलाने त्याला तीस वर्षं शिकवलं, हे त्याच्या आईला कसं सांगावं ते कळत नाही. वैदेहीची खुर्ची त्याच्या डाव्या हाताला. अधिकाऱ्याला आकड्यांबद्दल शंका आली तर उत्तर द्यायला कोणीतरी हवं, म्हणून ती जागा होती. दोन वर्षांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

युद्ध मार्चमध्ये सुरू झालं.

पहिल्या दिवशी सल्लागाराने चोख काम केलं. बंदरावर आलेली नऊच्या नऊ क्षेपणास्त्रं हवेत फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी किनारपट्टीतले मोबाइल टॉवर बंद करण्याचा हुकूम आला, कारण शत्रू त्यांच्या लहरींवरून नेम धरत असल्याचा संशय होता. हुकूम बरोबरच असावा. पण कोणत्या गावात आत्ता किती माणसं आहेत हे सल्लागाराला त्याच टॉवरवरून कळत असे. टॉवर गेले तसा तो जुन्या जनगणनेकडे वळला. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी ओळ आली: लोकसंख्या प्रमाणित नोंदींवरून. ती ओळ तशी येणार हेही वैदेहीनेच ठरवलेलं होतं.

त्या दुपारी तिला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली. बाहेरच्या खोलीतून तिने खारदेवळीच्या आरोग्य केंद्राच्या लँडलाइनवर फोन लावला. ताईला पुण्याला ये म्हणायचं होतं, कारण न सांगता. नंदिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की ते शक्य नाही. निगडोली रिकामी करताहेत, होड्यांतून आणि ट्रकांतून माणसं खारदेवळीत येताहेत. शाळा भरली, मंगल कार्यालय भरलं, आता मैदानात ताडपत्र्या टाकल्यात. दोन बाळंतिणी आहेत, एक डायलिसिसवाला म्हातारा आहे. भावोजी आणि गावातले लोक शाळेत भात शिजवताहेत. हजार माणसं सकाळी होती, आता किती ते तिला मोजता येत नव्हतं.

"तुझ्या साहेबांना सांग ना कोणाला तरी," ती म्हणाली. "इथे फार माणूस झालंय."

वैदेही म्हणाली, बघते.

फोन ठेवल्यावर तिने खरंच पाहिलं. जिल्ह्याकडून निगडोलीबद्दल काही आलंय का ते तपासलं. काही आलेलं नव्हतं. कलेक्टर कचेरीतून निघालेलं पत्र कुठल्या तरी टेबलावर असणार, किंवा पडताळणी समितीपुढे, आणि समिती शुक्रवारी बसायची. तो बुधवार होता. तिने माहिती सुधारण्याचा अर्ज उघडला. 'माहितीचा स्रोत' या रकान्यापाशी तिचा हात थांबला. तिथे काय लिहायचं? माझी बहीण. शून्य पूर्णांक बाराच्या गावात राहणारी माझी सख्खी बहीण म्हणते की गावाचा भारांक वाढवा. त्या स्वीय सहायकांचा चहाचा कप तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने अर्ज बंद केला. उद्या जिल्ह्याकडून कळेलच, असं तिने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी पाच क्षेपणास्त्रं निघाली. एक समुद्रात पडणार होतं. उरलेल्या चारांपैकी एक तेलाच्या टाक्यांवर, एक वीजकेंद्रावर, एक निगडोलीच्या कारखान्यावर आणि एक, बहुधा कारखान्याचाच नेम चुकून, खारदेवळीवर. त्या टापूत सहा भेदक शिल्लक होते. नवा साठा संध्याकाळी पोचायचा होता.

सल्लागाराचा सल्ला सेकंदाच्या आत पडद्यावर आला. दोन, दोन, दोन, शून्य.

वैदेहीने तो वाचायच्या आधीच तिला तो माहीत होता. निगडोलीवरचा एक भेदक काढून खारदेवळीला दिला, तर टाकी फुटण्याची शक्यता शंभरात चारवरून वीसवर जाते. एक्क्याण्णवचे सोळा टक्के हे बाराच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त. गणितात काही चूक नव्हती. तिने ते डोक्यात दोनदा केलं.

घोरपडेचं बोट हिरव्या बटणावर होतं. पडद्यावर सेकंद उतरत होते. सतरा. सोळा. त्याची नजर त्या शून्यावर गेली असावी, किंवा पिवळ्या ओळीवर. मान न वळवता त्याने विचारलं,

"मॅडम, आकडे ताजे आहेत ना?"

दोन वर्षांत तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. तिला सगळं आठवत होतं: शाळा, मैदानातल्या ताडपत्र्या, भाताची पातेली. 'निगडोली रिकामी आहे, माणसं खारदेवळीत आहेत', एवढंच म्हणायला तीन सेकंद लागले असते. पण त्या वाक्याच्या आत तिला दुसरंच वाक्य ऐकू येत होतं, माझ्या ताईला वाचवा. ती खरं बोलते आहे की ताईसाठी बोलते आहे, हे तिला स्वतःलाच वेगळं करता येईना. आयुष्यभर ज्या एका गोष्टीची तिला लाज वाटत आली होती, ती करायची वेळ आली आहे असं तिला वाटलं.

"प्रमाणित आहेत, सर," ती म्हणाली.

नऊ सेकंद उरले होते. घोरपडेने बटण दाबलं.

सहाच्या सहा भेदकांनी आपापलं काम केलं. तेल वाचलं, वीज वाचली, कारखाना वाचला. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पडद्यावर खारदेवळीच्या नावापुढे एक लाल ठिपका आला आणि त्याच्यापुढे सल्लागाराचा अंदाज: जीवितहानी तीस ते पंचेचाळीस. खोलीत कोणीतरी सुस्कारा सोडला. एवढ्या मोठ्या हल्ल्यात एवढंच, असा तो सुस्कारा होता. वैदेही संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिली, कारण तिची पाळी संध्याकाळी संपायची होती.

क्षेपणास्त्र शाळेवर पडलं होतं. शनिवारी युद्धबंदी झाली तोपर्यंत तीनशे एकेचाळीस प्रेतं निघाली होती आणि ढिगारा अर्धाही उपसला नव्हता. भावोजी, रमाकांत ठाकूर, तिथेच पंगतीत वाढत होते. नंदिनी दीड किलोमीटरवर आरोग्य केंद्रात होती. तिला खरचटलंही नाही. निगडोलीत त्या दिवशी कारखान्याचे चार पहारेकरी सोडून कोणी नव्हतं. अमोनियाची टाकी दोन दिवस आधीच रिकामी केली होती. ते पत्र शुक्रवारच्या समितीपुढे वेळेवर पोचलं.

चौकशी दिल्लीहून आलेल्या तिघांनी केली. प्रणालीने उपलब्ध माहितीवर निर्दोष काम केलं, असा त्यांचा निष्कर्ष आधीच तयार होता. वैदेहीने त्यांना सांगितलं की तिला माहीत होतं. फोनबद्दल सांगितलं, अर्जाबद्दल सांगितलं. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले की नातेवाइकाच्या फोनवरून तिने आकडा बदलला असता, तर आज हीच समिती तिच्यावर कारवाई करायला बसली असती. तिने नियम पाळला. हे ते तिची पाठराखण म्हणूनच बोलत होते. त्यांनी टंकलेखकाला तो भाग वगळायला सांगितला.

बाहेर व्हरांड्यात घोरपडे उभा होता. तो चार दिवसांत खंगल्यासारखा दिसत होता.

"मी ताजे विचारलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही प्रमाणित म्हणालात. दोन्हींतला फरक मला तेव्हाच कळला होता, मॅडम. तरी मी बटण दाबलं. तेही मी आत सांगून आलो, त्यांनी तेही लिहून घेतलं नाही."

मग त्याने तिला आणखी एक सांगितलं. समितीची एकच शिफारस होती. अधिकाऱ्याने प्रश्न विचारण्यात आणि उत्तर ऐकण्यात आठ सेकंद गेले, ते धोक्याचं होतं. पुढच्या आवृत्तीत डाव्या हाताची खुर्ची असणार नाही. अधिकाऱ्याने बारा सेकंदांत नकार दिला नाही, तर सल्लाच हुकूम समजला जाईल.

वैदेहीने त्याच दिवशी राजीनामा लिहिला. तो लगेच मंजूर झाला, इतक्या लगेच की तिला ती माणसं वाट पाहत होती की काय असं वाटलं.

खारदेवळीला ती सहाव्या दिवशी पोचली. नंदिनी आरोग्य केंद्राच्या मागच्या ओट्यावर बसली होती. पांढऱ्या गणवेशावरचे डाग धुऊनही गेले नव्हते. सहा दिवसांत ती आठ तास झोपली असेल. वैदेहीला पाहून ती उठली नाही, रडली नाही, फक्त सरकून जागा केली. वैदेही बसली आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. भारांक सांगितला, गुप्ततेची शपथ मोडून. घोरपडेचा प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं, आणि ते उत्तर का दिलं तेही. मला वाटलं मी तुझ्यासाठी बोलतेय, ती म्हणाली. तुझ्यासाठी बोलणं मला बरोबर वाटेना.

नंदिनीने समोरच्या मिठागरांकडे तोंड केलं.

"मी फोनवर तुला माणसं सांगत होते, वैदू," ती म्हणाली. "हजारभर माणसं. तुला त्यात मी एकटीच कशी ऐकू आले?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. आत कोणीतरी ओरडत होतं, ती उठून गेली. त्यानंतर कामाशिवाय ती बहिणीशी बोलली नाही. पण जा, असंही म्हणाली नाही.

काम होतं, आणि ते असं निघालं. तलाठ्याच्या नोंदीप्रमाणे गावातली एकशे नव्वद माणसं मेली होती. बाकीचे मृत निगडोलीचे, आणि निगडोलीवर तर काहीच पडलं नव्हतं. मृत्यूचं ठिकाण कोणतं लिहायचं, कोणत्या कचेरीने लिहायचं, यावर पत्रव्यवहार सुरू झाला होता. कित्येकांची तर अख्खी घरंच गेली होती, विचारायला कोणी उरलं नव्हतं. सल्लागाराच्या लेखी निगडोलीची ती माणसं अजून निगडोलीत, सुरक्षित होती. नंदिनीने कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, आरोग्य केंद्राच्या पडवीतल्या टेबलावर ठेवलं आणि वैदेहीला म्हणाली, शाळेत कोण कोण होतं ते लिहून काढ. येतील त्यांना विचार.

लोक येत होते. वैदेही नाव, वय, मोहल्ला किंवा आळी, शेवटचं कोणी कुठे पाहिलं, असं लिहीत गेली. कोणी ती सरकारी बाई आहे का विचारलं तर ती कोण आहे ते सांगे. तिने ठरवूनच ठेवलं होतं की विचारणाऱ्याला सांगायचं. एका बाईने तिच्या टेबलावरचं पाणी तिच्या अंगावर फेकलं. वैदेहीने रजिस्टर पुसून वाळत ठेवलं आणि तासाभराने पुन्हा बसली.

नवव्या दिवशी सकाळी निगडोलीचे एक निवृत्त पोस्टमन आले. अब्दुल गफूर मुकादम नाव, सत्तरीचे, हाताला प्लास्टर. त्या दिवशी ते होडीच्या शेवटच्या फेरीतलं सामान उतरवून घ्यायला धक्क्यावर गेले होते म्हणून वाचले. हात धावपळीत धक्क्यावर पडून मोडला होता. घरची सात माणसं शाळेच्या तिसऱ्या खोलीत होती. समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, तुम्ही कलेक्टर ऑफिसच्या का?

वैदेहीने सांगितलं. त्यांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तिला ते मोठ्याने सांगावं लागलं, आणि रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

मुकादम उठले. बाहेर जाऊन पायरीवर बसले, तिच्याकडे पाठ करून. रांग थांबली. पुढे कोणी सरकेना, परतही कोणी जाईना. ऊन पायरीवरून त्यांच्या चपलांपर्यंत आलं. मग ते आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी चांगला हात पुढे केला.

"माझी माणसं तुम्ही लिहू नका," ते म्हणाले. "पेन द्या."

तिने पेन दिलं. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून ते डाव्या हाताने लिहायला लागले, सावकाश, पत्त्यांची अक्षरं वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या काळजीने. रजिस्टर खाडीच्या वाऱ्याने फडफडत होतं आणि टेबलावरून सरकत होतं. वैदेहीने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. पहिलं नाव लिहायला त्यांना चार मिनिटं लागली. ते त्यांच्या नातीचं होतं, वय सहा.